डायरीखालची सही

मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी उभी होती, पण भोंगे बंद पडले होते. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या घरांतली मुलं शाळा अर्धवट सोडून कामाला लागली. कुणी उडप्याच्या हॉटेलात, कुणी कुरिअरमध्ये, कुणी झेरॉक्सच्या दुकानात; मुली घरकामाला नाहीतर पॅकिंगला. पुढे पंचविशी-तिशीत त्यांतले काही जण पुन्हा शाळेकडे वळले, कारण शिपायाच्या जागेलासुद्धा दहावी पास मागू लागले होते.

रात्रशाळा म्हणजे महापालिकेच्या शाळेची इमारत, संध्याकाळी साडेसहाला उघडणारे वर्ग आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. कुणाच्या अंगावर सिक्युरिटीचा गणवेश, कुणाच्या हाताला धुण्याच्या साबणाचा वास. मला ते ‘बाई’ म्हणत आणि मी त्यांना दादा, ताई, वयाने फारच मोठ्या असल्या तर मावशी म्हणे. दिवसा मी एका मराठी शाळेत शिकवायची आणि रात्री इथे. दिवसाच्या मुलांना इंग्रजी नकोशी वाटायची. रात्रीच्या माणसांना ती हवी असायची आणि तिची भीतीही वाटायची. बोर्डाच्या लेखी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना मराठी ही प्रथम भाषा, हिंदी द्वितीय आणि इंग्रजी तृतीय. आमच्या वर्गात छातीत धडधड व्हायची ती या तिसरीच्याच पेपराला. बाकीच्या विषयांत निघून इंग्रजीत पस्तीसला अडकलेले कितीतरी जण मी पाहिले.

बहुतेकांची इंग्रजीशी गाठ गावाकडे पाचवीत पडली होती. सातवी-आठवीत शाळा सुटली आणि ती गाठ एबीसीडी, गायीवरचा दहा ओळींचा निबंध आणि थोडी छडी एवढ्यावरच राहिली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. म्हणजे एकाच घरात आईने पाचवीत जी अक्षरं पहिल्यांदा पाहिली होती, ती तिचं मूल पहिलीतच घोकू लागलं होतं. या तफावतीतून काय काय होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागणार होती. सुरुवातीला माझ्या डोळ्यांसमोर होता तो फक्त दहावीचा पेपर.

मोठ्या माणसाला शिकवताना एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. त्याला वाक्य नीट समजत नाही तेव्हा तो वाक्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘आमचं डोकंच नाही, बाई.’ देवनागरीत जे लिहिलं ते तसंच वाचायचं, ही त्याची सवय. पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट असं समोर आलं की त्याला वाटतं, आपल्यालाच कळेना. मी त्यांना सरळ सांगायची की इथे नियम थोडे आणि पाठांतर फार, इंग्रजांच्या मुलांनासुद्धा स्पेलिंग पाठच करावी लागतात. एवढं ऐकूनच चेहरे सैलावायचे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. हे फळ्यावर सांगून उपयोग होत नसे. म्हणून मी तिघांना समोर उभं करायची. एकाच्या हातात ‘मी’, दुसऱ्याच्या हातात ‘भाजी’ आणि तिसऱ्याच्या हातात ‘विकते’ असा कागद. मग ‘विकते’ला मधे आणायचं आणि कागद उलटायचे. मागच्या बाजूला ‘आय’, ‘सेल’, ‘व्हेजिटेबल्स’. प्रश्न विचारायचा झाला की ‘आय’च्या जागी ‘यू’ यायचा आणि चौथा माणूस ‘डू’ घेऊन रांगेच्या पुढे उभा राहायचा. मराठीत नुसता ‘का’ लावला की भागतं, इंग्रजीत अख्खी रांग सरकवावी लागते. चालून, सरकून, एकमेकांना ढकलून शिकलेलं ते विसरत नसत. परीक्षेत ‘डू ॲज डायरेक्टेड’ सोडवताना काही जण बोटं हवेत हलवून माणसं जागेवर लावायचे.

शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू द्यायचे नाहीत, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं जाई. लहान मुलांच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला मात्र धरायला काहीतरी लागतं. मी लिहू द्यायची, पण पेनने नाही, पेन्सिलने. शनिवारी खोडरबर फिरवायचा. खालचं खोडूनही जो शब्द वाचता येतो तो पुसायचा, ज्याला अजून आधार हवा त्याच्याखाली राहू द्यायचा, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. वर्ष संपत आलं की पुस्तकाची पहिली पानं स्वच्छ झालेली असत आणि कागद घासून घासून मऊ पडलेला असे. इंग्रजी मराठीच्या आधारानेच शिकावी लागते, आणि तो आधार काढून घेण्याची वेळ शिकणाऱ्याने ठरवावी, हा धडा मला त्या पानांनी दिला.

सिक्युरिटीत असलेले एक दादा होते. लोअर परळच्या ज्या आवारात त्यांचे वडील साचाखात्यात होते, तिथेच आता काचेच्या इमारती झाल्या होत्या आणि हे गेटवर उभे राहत. गाडी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ एवढं रजिस्टर ते भरत. सुपरवायझर व्हायचं तर घटनेचा रिपोर्ट इंग्रजीत लिहिता यायला हवा होता. एका रात्री पार्किंगमध्ये दोन गाड्यांची धडक झाली आणि त्यांनी मला विचारलं, ‘बाई, हे कसं लिहायचं?’ मी म्हटलं, आधी मराठीत लिहा. त्यांनी पान भरून लिहिलं. त्यात कोण चुकलं, साहेब काय ओरडले, त्यांना स्वतःला काय वाटलं, सगळं होतं. पण कुठे, किती वाजता आणि कुणी पाहिलं हे शोधून काढावं लागत होतं. आम्ही ते पाच वाक्यांवर आणलं. एका वाक्यात एकच क्रियापद. वेळ पहिली, जागा दुसरी. मराठी सरळ झाली तशी इंग्रजी अर्ध्या तासात उभी राहिली. पुढे ते सुपरवायझर झाले. हाताखालच्या नव्या पोरांनाही ते तसंच शिकवतात: आधी आपल्या भाषेत पाच वाक्यं, मग इंग्रजीत.

नोकरीसाठी इंग्रजी, हे मला समजत होतं. शिकवणं त्याच दिशेने चाललं होतं. वळण आलं ते एका विद्यार्थिनीमुळे.

त्या चार घरची कामं करून नववीच्या वर्गाला येत. त्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमात पाचवीत होता. एका संध्याकाळी त्यांनी पुस्तकाऐवजी मुलाची शाळेची डायरी माझ्यापुढे ठेवली. ‘बाई, धडा राहू द्या आज. हे वाचून दाखवा.’ डायरीत वर्गशिक्षिकेचे शेरे होते. मुलगा दोन आठवडे गृहपाठ करत नाही, वर्गात लक्ष देत नाही, पालकांनी येऊन भेटावं. प्रत्येक शेऱ्याखाली आईची सही होती, अगदी वळणदार. मुलाने सांगितलं होतं की टीचरने चांगलं लिहिलंय, सही कर. एकदा तर त्या आनंदात त्यांनी घरी शिरा केला होता. मग शाळेतून बोलावणं आलं आणि सगळ्यांसमोर त्यांना विचारलं गेलं की सह्या करूनही तुम्ही आला का नाहीत. ‘सही माझीच होती ना बाई. काय सांगणार?’

मुलगा खोटं बोलला याचं त्यांना फार वाटलं नव्हतं. त्या वयात मुलं बोलतात. त्यांना लागलं होतं ते निराळंच. मुलाच्या शाळेतलं जे काही त्यांना कळे ते मुलाच्याच तोंडून कळे, आणि ते खरं की खोटं हे पडताळायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं. ज्याला वळण लावायचं त्याच्याकडूनच त्याच्याबद्दलची खबर घ्यायची. त्या रात्री घरी जाताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. आपण या बाईंना कर्मणी प्रयोग शिकवतोय, आणि यांना आई म्हणून उभं राहायला जी इंग्रजी लागते ती आपल्या पुस्तकात कुठेच नाही.

माझं बालपण चाळीत गेलं. तेव्हा गिरणीचा किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा इंग्रजी कागद आला की सगळे एकाच माणसाकडे जात. ते एका पेढीवर कारकून होते. कागद वाचून झाल्यावर कुणाला काय, कधी आणि किती सांगायचं याची समज त्यांना होती. वाईट बातमी असली तर आधी ते घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन बोलत. आता ते काम घराघरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांवर येऊन पडलं आहे. बँकेचा मेसेज, विजेचा फॉर्म, औषधाची पट्टी, सोसायटीच्या पुनर्विकासाची नोटीस, सगळं मूल वाचतं आणि घराला सांगतं. आईबापांना त्याचं कौतुक असतं, आणि त्यात वावगंही काही नाही. पण मुलाच्या खांद्यावर किती ओझं येतं हे तेव्हा दिसत नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात होती. तिचे वडील आजारी पडले. परळच्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि एका दुपारी बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला. डॉक्टरांना तो पुढच्या ओपीडीला दाखवायचा होता. बसमध्ये आईने पाकीट मुलीच्या हातात दिलं, ‘बघ काय लिहिलंय.’ मुलीने वाचलं. एक शब्द तिला कळला. विज्ञानाच्या पुस्तकात नव्हता, पण टीव्हीवर ऐकलेला होता. वडील खिडकीशी बसले होते. ती म्हणाली, ‘कळत नाही गं, डॉक्टरच सांगतील.’ ओपीडी आठ दिवसांनी होती. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळं मराठीत, सावकाश, नीट समजावून सांगितलं. मुलगी मात्र ते आठ दिवस सगळं मनात ठेवून शाळेत जात होती, जेवत होती, वडिलांच्या शेजारी झोपत होती. तिची आई मला हे सांगताना म्हणाली, ‘ते मी वाचायला पाहिजे होतं, बाई. ते माझं काम होतं.’

या वाक्याने माझ्या शिकवण्याची दिशा ठरली. घरात इंग्रजी येणार असेल तर ती मोठ्या माणसांनाही यायला हवी. निदान इतकी, की मूल मूलच राहील आणि आई आई.

रात्रशाळेच्या वेळापत्रकात याला जागा नव्हती, तरी शुक्रवारचा शेवटचा तास मी यासाठी ठेवायला लागले. त्या दिवशी पिशव्यांमधून डायऱ्या, फीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या बाहेर यायच्या. 2017 साली रात्रशाळांचे नियम बदलले. दिवसा दुसऱ्या शाळेत नोकरी करणाऱ्यांना रात्री शिकवता येईनासं झालं, आणि माझी रात्रशाळा सुटली. दोनच महिन्यांत रात्रशाळेच्या वस्तीतल्या बायका माझ्या घरी आल्या. ‘आम्हाला दहावी नको. डायरी वाचायला शिकवा.’ एका गणेशोत्सव मंडळाने त्यांची खोली दिली. एका भिंतीशी ढोल रचलेले, दुसऱ्या भिंतीशी खुर्च्यांची चळत, मधे सतरंजी. तिथे आठवड्यातून दोन दुपारी आयांचा वर्ग सुरू झाला, आणि निवृत्त झाल्यापासून माझा सगळा वेळ तिथेच जातो.

तिथे पहिला धडा स्वतःच्या नावाचा. एकीचं नाव लक्ष्मी. आधार कार्डावर ते एक्स घालून, बँकेच्या पासबुकात के-एस-एच घालून आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेने. वैशाली कुठे व्हीने, कुठे डब्ल्यूने. प्रत्येक ठिकाणी समोरच्या माणसाने त्याला सुचेल तसं लिहिलेलं. पॅन आणि आधार जोडायची वेळ आली की अशा बायकांच्या चकरा सुरू होतात. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापले कागद आणायचे, प्रत्येकावरचं आपलं नाव अक्षर-अक्षर लावून पाहायचं आणि एक स्पेलिंग पक्कं करायचं. इथून पुढे कुणी फॉर्म भरून देत असेल तर त्याला ते स्वतः सांगायचं. हा धडा एका दुपारचा आहे, पण त्यानंतर बायकांच्या आवाजात फरक पडतो. आपलं नाव कसं लिहायचं हे आता त्या ठरवत असतात.

दुसरा धडा सूचना वाचण्याचा. परिच्छेद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा, हे आम्ही सोडून दिलं. आधी तारीख शोधा. मग आकडा: पैसे की वेळ? मग ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि ‘नॉट’ या तीन शब्दांभोवती पेन्सिलने गोल करा. ‘नॉट’ दिसला की थांबून ते वाक्य दोनदा वाचा. एवढ्यावर शाळेच्या दहातल्या सात-आठ सूचनांचा अर्थ लागतो. आता फोनवरचं भाषांतरही हाताशी आहे. फोटो काढला की मराठी समोर येते, आणि आम्ही ते बेधडक वापरतो. पण त्यालाही गोल केलेल्या शब्दांशी ताडून पाहायचं. तारीख तीच आहे ना, ‘नॉट’ निसटला नाही ना.

तिसरा धडा पालकसभेचा, आणि तो सर्वांत अवघड. मी टीचर होऊन खुर्चीत बसते, समोर दुसरी खुर्ची ठेवते आणि एकेकीला दारातून आत यायला सांगते. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण उभी राहते. पदर सारखा करते, जमिनीकडे पाहते. म्हणून पहिली सूचना भाषेची नाहीच: आधी खुर्चीत बसायचं. मग तीन वाक्यं. ‘गुड मॉर्निंग टीचर.’ मुलाचं नाव घेऊन ‘आय ॲम हिज मदर.’ आणि ‘प्लीज टेल मी स्लोली.’ एवढी इंग्रजी झाली की पुढे खुशाल मराठीत बोलायचं. मुंबईतल्या बहुतेक शिक्षिकांना मराठी कळते, नाही तर हिंदी कळतेच. विचारायचे प्रश्न घरून ठरवून न्यायचे: गणितात नेमकं कुठे अडतो? वर्गात बोलतो का? घरी आम्ही काय करू? एक मावशी नातवाच्या सभेला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘टीचरने माझ्यासाठी रजिस्टर उघडून दाखवलं.’ इतकी वर्षं त्या सही करून परत येत होत्या.

या वर्गाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. मुलाचा अभ्यास घेण्यासाठी आईला इंग्रजी यावीच लागते, असं नाही. तिने त्याच्याकडून मराठीत समजावून घ्यावं. एका आईचा मुलगा बीज अंकुरण्याचा धडा इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवायचा. मी तिला म्हटलं, त्याला विचार, याचा अर्थ काय? मुलगा गप्प. ती बाई रत्नागिरीकडची, लहानपणापासून भाताची लावणी केलेली. तिने रात्री मटकी भिजत घातली, सकाळी फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी मोड दाखवत मुलाला एकेक विचारत गेली. पाणी का लागलं? फडक्यात का बांधली, डब्यात बंद का नाही केली? फ्रिजमध्ये ठेवली असती तर? पाणी, हवा, ऊब, तिन्ही मुलाने स्वतः सांगितलं, आणि मग पुस्तकातली इंग्रजी वाक्यं त्याला नव्याने कळली. पुढच्या चाचणीत त्याने उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. इंग्रजी पुस्तकासमोर स्वतःला अडाणी समजणाऱ्या त्या आईला त्या धड्यातलं सगळं आधीपासून ठाऊक होतं. विचारायचा धीर तेवढा नव्हता. त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा एक नेम झाला. रोज रात्री जेवताना मुलाने शाळेतली एक गोष्ट मराठीत समजावून सांगायची. त्याला सांगता आली नाही, तर ती त्याला समजलेली नाही.

लोक मला विचारतात, मग तुम्ही या बायकांना मुलं मराठी माध्यमात घाला असं का सांगत नाही? मी सांगते. प्राथमिक शिक्षण घरच्या भाषेत झालं तर मूल लवकर आणि पक्कं शिकतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा असं सांगतो, आणि 2020 चं राष्ट्रीय धोरणही निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत तेच म्हणतं. पण माध्यम कुठलं घ्यायचं याची सक्ती सरकारला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आहे आणि निवड पालकांच्या हातात आहे. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. त्यांतल्या मराठी वर्गांच्या तुकड्या एकेक करून कमी होताना मी पाहिल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांमुळे चाळीतली मुलं मोठ्या फीच्या इंग्रजी शाळांतही जाऊ लागली. ज्या आईने काचेच्या इमारतीच्या गेटवर, मुलाखतीच्या रांगेत, बँकेच्या काउंटरवर मान खाली घातली आहे, तिने मुलासाठी इंग्रजी निवडली तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. तिने निवड केली आहे. आता त्या निवडीत ती एकटी पडू नये, हे पाहणं माझं काम.

इंग्रजीकडे दाराबाहेर ठेवलेली माणसं फार आधीपासून आशेने पाहत आली आहेत. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, कारण ज्यांना विद्येची बंदी होती त्यांना त्यात सुटकेची वाट दिसत होती. बीडीडी चाळीतल्या खोल्यांत बाबासाहेबांचा फोटो असतो, म्हणून मी वर्गात त्यांचं उदाहरण हटकून देते. त्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून अर्थशास्त्रावरचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. आणि आपल्या माणसांशी बोलण्यासाठी 1920 मध्ये ‘मूकनायक’ आणि 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं ते मराठीत. जगाशी कशात बोलायचं आणि घरच्यांशी कशात, हे त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही भाषांवर त्यांची सारखीच हुकमत होती आणि एकीसाठी त्यांनी दुसरी टाकली नाही. आमच्या सतरंजीवरच्या बायकांना हे लगेच पटतं. मुलांच्या तोंडची मराठी जातेय याची धास्ती त्यांना असते. आजीशी फोनवर बोलताना नातू अडखळतो, हे त्यांना बोचतं. रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळचा तो नेम त्यांनी टिकवला, तो परीक्षेसाठी आणि आजीसाठीही.

इतक्या वर्षांनी मी काही मागण्या करू शकते असं मला वाटतं, आणि त्या मोठ्या नाहीत. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या प्रत्येक शाळेत मराठी लिहू शकणारी निदान एक शिक्षिका असायलाच हवी. डायरीतल्या सूचनेखाली चार ओळी मराठीत छापायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. पालकसभेत ‘तुम्ही मराठीत बोला’ असं टीचरने आपणहून म्हणावं. महापालिकेच्या इमारतींत पट घटल्यामुळे वर्ग रिकामे आहेत. त्यांतला एखादा दुपारी दोन तास आयांसाठी उघडा ठेवावा. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. हा दर्जा इंग्रजी शाळेच्या नोटीस बोर्डापर्यंत पोचावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि आयांना माझं सांगणं आहे. मुलाच्या इंग्रजीसाठी तुम्ही फी भरता, शिकवणी लावता, दागिना गहाण ठेवता. तसाच थोडा वेळ स्वतःच्या शिकण्यालाही द्या. वाचल्याशिवाय डायरीखाली सही करू नका. वाचता आलं नाही तर शाळेत जा, खुर्चीत बसा आणि मराठीत विचारा. दवाखान्याचा कागद मुलाच्या हातात देण्याआधी डॉक्टरांकडून स्वतः समजून घ्या. चाळीशीत, पन्नाशीत, नातवंडं झाल्यावरही हे जमतं. आमच्या वर्गात ते दर आठवड्याला जमतं आहे.